गौरीधन

आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा काही नेम नाही. अक्षरही ओळीवर बसत नाही. सुरुवातीला ओळ धरून चालतं आणि पानाच्या कडेला जाईपर्यंत खालच्या ओळीत पाय टाकतं. चौथीपर्यंतच शिकले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. हे कोणी वाचणार नाही, पण चुकून वाचलंच तर राग धरू नये. आणखी एक. आमच्या निपाणीकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. लिहिताना मात्र माझ्या हातून 'जाते, येते' उतरतं, कारण पुस्तकात तसं असतं, आणि लिहायला बसलं की मला पुस्तकच आठवतं. दुसऱ्यांचं बोलणं मात्र मी त्यांच्या तोंडचं तसंच ठेवलंय.

आज कामावरून येताना ओढ्याच्या कडेला तेरडा फुललेला दिसला. गुलाबी, जांभळा, मध्येच एखादा पांढरा. थोड्याच दिवसांत बायका तो मुळासकट उपटतील, जुड्या बांधतील आणि त्यालाच गौराई म्हणून उंबऱ्यातून आत घेतील. ओल्या मुळांना जो मातीचा वास असतो तो माझ्या आईच्या ओच्याला यायचा. पण गेली काही वर्षं तेरडा बघितला की मला आधी आई आठवत नाही, गौराईही आठवत नाही. आधी एक आवाज आठवतो. भिंतीपलीकडून येणारा, मोठा, खणखणीत. "तीन छेद चार म्हणजे काय रे? चार सारखे वाटे केले. त्यातले किती उचलले?"

मी गावच्या सरकारी मराठी शाळेत दुपारचं जेवण शिजवते. सदलग्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. शाळा पहिली ते सातवी. स्वयंपाकाची खोली वर्गाला चिकटून आहे आणि मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे आमच्या सांबाराचा वास वर्गात जातो आणि वर्गातला धडा आमच्याकडं येतो. तो खणखणीत आवाज आला त्या सालापर्यंत धडा फारसा येत नव्हता, कालवाच यायचा. कायमचे शिक्षक एकटे गुरुजी. हेडमास्तर तेच, कन्नड शिकवणारे तेच, तांदळाची पोती उतरवून घेणारे तेच. एका वर्गाला गणित घालून ते दुसऱ्या वर्गात जायचे, तिथून तिसऱ्या. परत येईपर्यंत पहिल्या वर्गानं गणित सोडून भांडण काढलेलं असायचं. गुरुजींचा दोष नव्हता. एक माणूस सात वर्गांत किती वाटून घेणार? जेवायचेही उभ्या उभ्याच, भिंतीला पाठ टेकून, डोळे पोरांवर.

एकदा नवऱ्याला डॉक्टरला दाखवायला बेळगावला नेलं होतं. कॅम्पातून जाताना बस थांबली तेव्हा एका जुन्या शाळेचं पटांगण दिसलं. पोरं रांगेत उभी आणि प्रत्येक रांगेच्या पुढं एक बाई किंवा सर. मी खिडकीतून रांगा बघत राहिले. इमारत मोठी होती, झाडं होती, घंटा होती, त्यातलं काही मनात राहिलं नाही. प्रत्येक रांगेला आपलं माणूस होतं, तेवढंच राहिलं.

कायमचा शिक्षक मिळेपर्यंत वर्षापुरता शिक्षक नेमता येतो. त्याला अतिथी शिक्षक म्हणतात. गुरुजींनी त्यासाठी चहूकडं निरोप धाडले होते. कोल्हापूरकडचे म्हणायचे, तुमच्या कर्नाटकची परीक्षा आम्ही दिलेली नाही. बेळगावकडचे म्हणायचे, गाव लांब आणि पैसे थोडे. अशात जून उलटता उलटता रेणुका बाई आल्या. मी भात वेळत होते. दारात एक काटकुळी पोरगी उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हेडसर कुठं असतात आक्का?" की माझ्या हातातलं झाकण पडलं.

बाई बेळगावच्या वडगावच्या. घरात साड्यांचे माग. "मागाच्या खडखडाटात वाढलोय आमी," त्या सांगायच्या, "घरात मीठ मागायचं म्हटलं तरी वरडून मागाय लागतंय." तोच आवाज घेऊन त्या सातवीला शिकवायला उभ्या राहिल्या की सहावी गप्प व्हायची आणि पाचवीही कान द्यायची. घरून येताना पिशवीभर मोडक्या कांड्या आणायच्या, मागासाठी सूत गुंडाळतात त्या. त्यांवर लाल, पिवळं, हिरवं सूत. कांडी हातात घेतली की पोरांना अपूर्णांक पटकन कळायचा. एवढं लाल, एवढं हिरवं, सगळं मिळून एक कांडी.

आणि भिंतीच्या अलीकडं मला कळायचा.

हे मी कधी कुणाला बोलले नाही. मी चौथी पास झाले त्या वर्षी वरच्या वर्गाचे सर बदलून गेले आणि दुसरं कुणी आलंच नाही. आम्ही पाचवीच्या पोरी दप्तर घेऊन जायचो, व्हरांड्यात बसायचो, सागरगोट्यांचा डाव टाकायचो आणि घरी यायचो. कुणी आम्हाला शाळेतून काढलं नाही. कुणी शिकू नका म्हणालं नाही. आई एवढंच म्हणाली, "नुसतं बसून यायचं तर हितं बस की." मग मी तिच्या शेजारी सूप घेऊन विड्या वळायला बसले. असं माझं शिक्षण संपलं. भांडण नाही, रडणं नाही. ज्या माणसानं यायचं होतं ते आलं नाही, एवढंच. आणि आता इतक्या वर्षांनी ते माणूस भिंतीपलीकडं येऊन उभं होतं. मी डाळ घोटता घोटता थांबायचे. माझी दीपा त्या वर्षी सातवीत होती. एकदा घरी ती गणितात अडली आणि मी चुलीपुढून म्हणाले, "आधी छेद सारखे कर की." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसून म्हणाली, "आई, तू चोरून पाचवी पास झालीस व्हय गं?"

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले. एका दुपारी पोरं जेवून उठल्यावर बाई आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. चंद्राक्का भांडी घासत होत्या. चंद्राक्का म्हणजे आमच्यातल्या मुख्य स्वयंपाकीण, आणि गावातल्या बायकांच्या बचत संघाच्या अध्यक्षही त्याच. बाई म्हणाल्या, "आक्का, म्होरल्या म्हयन्यापास्नं मला यायला जमंल असं वाटत न्हाय."

चंद्राक्कांचा हात थांबला. "का? पोरं तरास देत्यात?"

"पोरं न्हवं. निपाणीतल्या खोलीचं भाडं ऱ्हायलंय. बशीचं भाडं हाय. बाबांच्याकडनं किती मागायचं? त्यांच्याच मागावर सध्या काम न्हाय. बेळगावात खडेबाजारात मामाच्या वळखीचं साडीचं दुकान हाय, त्ये या म्हणत्यात. म्हयन्याच्या म्हयन्याला रोख देतो म्हणत्यात."

"आणि सरकारचा पगार?"

"पगार न्हाय म्हणत त्याला, गौरवधन म्हणत्यात. येईल वरनं आलं की."

शेवटचं बोलताना त्या उठून चालू लागल्या होत्या आणि चंद्राक्कांनी पातेलं पालथं घातलं होतं. आम्ही दोघींनीही जे ऐकलं ते एकच. गौरीधन.

त्याच आठवड्यात संघाची बैठक भरली तेव्हा चंद्राक्का छातीठोकपणे म्हणाल्या, "बाईस्नी खोलीच्या भाड्याला संघातनं द्यायचं. गौरीपतुर. गौरीला सरकार पैसं देतंय. नावच हाय त्याचं, गौरीधन."

सुमन म्हणून आमच्यात एक आहे. तिला सगळ्यात आधी शंका येते. ती म्हणाली, "सरकारला कुठली गौरी ठावं असतीया गं?"

"का न्हाय? सरकारात बायका न्हाईत व्हय?"

"आणि न्हाय आलं तर?"

"तर गौराईलाच इचार, का आणलं न्हाईस म्हणून."

सगळ्या हसल्या आणि ठरलं. बाईंना मात्र चंद्राक्कांनी एवढंच सांगितलं, "आलं की द्या." मुदतीचं बोलल्या नाहीत. बायामाणसांत असं तोंडावर सांगायचं नसतं.

त्यानंतरचा श्रावण मला रंगासकट आठवतो. बाहेर भुईमुगाच्या रानात पिवळी फुलं, आत लाल-हिरव्या कांड्या. शाळेच्या पत्र्यावर पावसाची सर पडली की बाईंचा आवाज आणखी वर चढायचा. पत्र्याला हरवायचंच, असा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीतल्या पोरी मागं राहायच्या आणि बाई त्यांना पुढच्या परीक्षेचं शिकवायच्या. दीपा बोर्डापुढं उभी राहून गणित सांगते आहे आणि मी रिकाम्या स्वयंपाकघरात उगाचच तांदूळ निवडते आहे. माझा आवाज कधी दारापलीकडं गेला नाही. तिचा भिंतीवरून माझ्यापर्यंत येत होता.

गौराई आली त्या दिवशी चंद्राक्कांनी बाईंना घरी जेवायला बोलावलं. शेपूची भाजी, भाकरी, वर तेल. तेरड्याची गौराई कोपऱ्यात सजलेली. आम्ही पाचसहा जणी होतो. भाकरी वाढता वाढता चंद्राक्कांनी लाडानं विचारलं, "मग बाई, आलं का गौरीधन?"

"कसलं धन?"

"त्येच की. सरकारचं. गौरीला देत्यात न्हवं?"

बाई आधी समजल्याच नाहीत. मग समजल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "गौरीधन न्हाय हो आक्का. गौरव-धन. गौरव! मान म्हणून देत्यात त्ये. त्येला गौरी-गणपती काय न्हाय. कवा येईल कुणालाच ठावं न्हाय." आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं असावं की आम्ही कशाच्या भरवशावर पैसे दिले होते. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून त्या गप्प बसल्या. तो आवाज गप्प झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. जाताना म्हणाल्या, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी दुकानात जातो. तिथनं तुमचं पैसं धाडतो. बुडवायची न्हाय."

या चुकीचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आम्हाला तो शब्द नीट ऐकू आला असता, पैशाला तारीखवार काही नाही हे कळलं असतं, तर संघानं पैसे दिले असते का? सुमननं देऊ दिले नसते. चंद्राक्काही कचरल्या असत्या. आम्ही गौरी ऐकली म्हणून बाई श्रावणभर राहिल्या. पण हेही खरं की नुसती माया करून कुणाच्या खोलीचं भाडं भागत नाही. बाईला भाकरी वाढायची, तिला लेक म्हणायचं आणि तिचं काम फुकट घ्यायचं, हे काही बरोबर नाही. विड्या वळायचे तेव्हा मोजून घेणाऱ्यानं चांगली विडी खराब म्हणून काढून टाकली तर आम्ही भांडायचो. मग शिकवणं हे काय काम नव्हे?

गौरी गेल्यावरच्या बैठकीत सुमननं तोंड उघडलंच. "गौराई आली, जेवली, गेली. धन कुठं हाय?"

"येतंय गं," चंद्राक्का हळूच म्हणाल्या.

"येतंय न्हवं, बाई निघाल्यात. मी म्हणतो, जाऊ द्यात. दुकानात रोख मिळतंय, आपलं पैसं लवकर फिटतील. त्येंचंबी बरं, आपलंबी बरं."

बायकांनी माना डोलावल्या. हिशेबानं तिचं चूक नव्हतं. मी नेहमीसारखी दाराजवळ बसले होते. बैठकीत मी कधी बोलत नाही. माझं मत विचारलं तरी शेजारणीकडं बघते. त्या दिवशी मात्र बसवेना. मी उभी राहिले तशा सगळ्या गप्प झाल्या, कारण त्यांना वाटलं मी घरी निघाले.

"पैसं येतील," मी म्हणाले. "बाई न्हाईत येणार."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की."

"मला पाचवीला कोण आलं न्हाय," मी म्हणाले. "सुमे, तू बी होतीस माझ्याबरोबर. व्हरांड्यात. आपुन सागरगोटं खेळून घरला यायचो. आठवतंय?"

सुमननं मान हलवली.

"तवा आपल्या आयास्नी कुणाला इचारायचं त्येबी ठावं न्हवतं. आता बाई समोर हाय. तुझा शिवा सहावीत हाय. दीपीचं सातवीचं वरीस हाय. आपल्या पैशासाठी बाईला दुकानात धाडायची, तर मग आपुन पैसं दिलं कशापायी?"

एवढंच. मी खाली बसले. सुमन म्हणाली, "एवढं बोलाय येतंय व्हय गं तुला? मग इतकी वरसं तोंडात काय धरून बसलीयास?" आणि सगळ्या हसल्या. हसल्या म्हणजे झालं, असं आमच्याकडं असतं.

मग काय काय झालं ते सांगते. चंद्राक्कांनी आपल्या घरातली पुढची खोली मोकळी केली. बाईंचं निपाणीचं भाडं वाचलं, बसचंही वाचलं. बाई आधी नाही म्हणत होत्या. चंद्राक्का म्हणाल्या, "वरडून बोलणारं माणूस पायजे मला, ऐकाय कमी येतंय आताशा." बाईंनी दुकानाला 'तूर्त येत नाही' असं कळवलं, पण परीक्षेपर्यंत राहीन असं तोंडानं म्हटलं नाही. आम्हीही वदवून घेतलं नाही. आणि एका सकाळी गुरुजींबरोबर आम्ही चौघीजणी शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट बसवलं, पाणी दिलं. कन्नडमध्ये सांगू लागले की गौरवधन मंजुरीला गेलंय, वेळ लागतो, गौरवधनाचं असंच असतं. आमच्यात चंद्राक्कांचं कन्नड चांगलं. त्या हात जोडून म्हणाल्या, "साहेब, गौरव ब्याड्री, धन कोडरी." गौरव राहू दे, धन द्या. साहेब हसले, शेजारच्या टेबलावरचेही हसले. मग त्यांनी कागद काढून गुरुजींना कुठली सही राहिली होती ते दाखवलं आणि आमच्यासमोर ती घेतली. गुरुजी परत येताना बसमध्ये म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्याबरोबर इथं कुणी आलं नव्हतं." मला त्यांचं फार वाईट वाटलं. एकट्यानं सात वर्ग आणि एकट्यानं ऑफिस.

आता सगळं ठीक झालंय असं नाही. पैसे अजूनही कधी कधी थकतात. पण शाळेत गुरुजींशिवाय एक कायमचे सर आलेत, आणि यंदाच्या अतिथी शिक्षकासाठी अर्ज आले. एक नव्हे, चांगले तीन. त्यातला एक सुमनच्या सुनेचा, थोरल्या लेकाच्या बायकोचा. सून खानापूरकडची, डी.एड. झालेली, लग्न होऊन आली ती चुलीलाच लागली होती. रेणुका बाईंनीच तिला कधीतरी परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. आता सुमन येताजाता सांगते, "आमची सून टीचर हाय न्हवं, तिला सकाळचं भाकरीचं काम जमत न्हाय, मीच करतो." ऐकून ऐकून गाव कंटाळलं, पण मला ते कितीही वेळा ऐकायला आवडतं. संघानं शिक्षकांसाठी थोडे पैसे वेगळे ठेवायला सुरुवात केली, तीही तिच्याच सांगण्यावरून. बाई स्वतः परीक्षा पास होऊन आता कायमच्या झाल्यात, खानापूरकडच्या जंगलाजवळच्या एका शाळेत. दर गौरीच्या सणाला फोन करतात. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. दीपा निपाणीच्या कॉलेजात जाते. तिला बाई व्हायचं नाही, बँकेत जायचंय. जाऊ दे. व्याज तरी नीट काढेल.

आज ओढ्यावर तेरड्याची दोनच फुलं तोडली. गौराई बायका मिळूनच आणायची असते, एकटीनं नाही. फुलं वहीत ठेवली तर डाग पडला, म्हणून हे पान असं दिसतंय.

त्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली आणि काही दिवसांनी बाईंचे पैसे आले. राहिलेले सगळे एकदम. बाई त्याच संध्याकाळी बैठकीला आल्या. आंघोळ करून, नवी वेणी घालून, जशा काही देवाला निघाल्यात. चंद्राक्कांच्या पुढ्यात त्यांनी पैसे ठेवले. चंद्राक्कांनी मोजले, सुमनला मोजायला दिले, सुमननं थुंकी लावून पुन्हा मोजले. व्याज धरून एक रुपया कमी नव्हता.

"फिटलं," सुमन म्हणाली.

आता बाईंवर आमचं काही नव्हतं. खोलीच्या भाड्याची अडचण नव्हती, देणं नव्हतं, आणि खडेबाजारातलं दुकान होतं तिथंच होतं. मी दाराजवळ बसून त्यांच्या चपलांकडं बघत होते. आता उठतील, आता पायात घालतील.

बाईंनी पदर सारखा केला आणि सुमनकडं वळल्या. "शिवा दोन दिवस शाळेत का आला न्हाय?"

"त्याच्या चुलत्याच्यात ऊसतोड..." सुमन अडखळली. "उद्या धाडतो की."

"उद्या दशांश हाय. चुकवायचा न्हाय. आणि वही धाडा, पाठकोऱ्या कागदावर लिवतंय ते." मग त्या चंद्राक्कांना म्हणाल्या, "आक्का, चा ठेवताय न्हवं?"

चंद्राक्का उठल्या. सुमननं पैसे कापडात बांधून पेटीत टाकले आणि कुलूप लावलं. सगळे पैसे फिटले होते, आणि बाई अजून बसल्या होत्या.